‘खाजवू नकोस’ म्हणण्याआधी

सातवीच्या वर्गात मराठीचं श्रुतलेखन चालू होतं. उर्दू माध्यमाच्या शाळेत श्रुतलेखन म्हणजे मुलांची कसोटीच. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांत मुलं हमखास अडकतात. म्हणून मी एकेक शब्द सावकाश उच्चारते आणि वर्गात अगदी शांतता लागते. त्या शांततेत तिसऱ्या बाकावरून सारखा खर्र खर्र आवाज येत होता. एक मुलगी कोपराची आतली बाजू बाकाच्या कडेवर घासत होती. मी दोनदा डोळे वटारले. तिसऱ्यांदा सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “खाजवू नकोस गं! अंघोळ करून येत नाहीस का?”

वर्ग हसला. मुलीनं बाही मनगटापर्यंत ओढली आणि मान खाली घातली. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तिचं नाव ‘खुजली’ पडलं. नाव मुलांनी ठेवलं खरं, पण त्याची सुरुवात मी करून दिली होती.

काही दिवसांनी वह्या तपासताना तिच्या वहीच्या समासात तपकिरी ठिपके दिसले. ते रक्ताचे होते. मी आईला बोलावून घेतलं. ती बिचारी आधीच घाबरलेली. “टीचर, रोज दो बार नहलाती मैं उसकू,” ती म्हणाली, “गरम पानी में दवा डालके.” म्हणजे बादलीत जंतुनाशक द्रावण, अंगाला कडक साबण आणि वर घासणी. ज्या मुलीला मी अंघोळीवरून बोलले होते, ती वर्गातली सर्वांत जास्त धुतली जाणारी मुलगी होती. आईनं पिशवीतून एक दुमडलेली ट्यूब काढून दाखवली. मेडिकलवाल्यानं दिलेली. लावली की दोन दिवसांत आराम, थांबवली की पहिल्यापेक्षा जास्त. तीन वर्षं हेच चाललं होतं. मुलगी रात्री तीन-चार वेळा उठून खाजवत बसायची.

त्याच वर्षी तिच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला होता, ‘वर्गात लक्ष देत नाही.’

मी डॉक्टर नाही. बी.एड. झालेली, उर्दू आणि मराठी शिकवणारी शिक्षिका आहे. बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्राचा अख्खा पेपर होता, पण रात्रभर खाजवणारं मूल सकाळी वर्गात कसं दिसतं, हे त्यात कुठेच नव्हतं. पुढे मी त्या मायलेकींबरोबर सरकारी दवाखान्याच्या त्वचाविभागात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी गर्दीतही दहा मिनिटं देऊन समजावलं. नंतर मी स्वतः वाचत गेले. त्यातून जे कळलं ते, आणि भाषेच्या शिक्षिकेची एक तक्रार, असं दोन्ही आज लिहिते आहे.

तक्रार आधी सांगते. आपल्या घरांत अंगाला खाज सुटली की एकच शब्द असतो, ‘खुजली’. फार तर ‘खारिश’. पण हे आजाराचं नाव नाही, ती फक्त तक्रार आहे. पोट दुखतंय म्हटल्यावर आपण विचारतो, कुठे, कधीपासून, काय खाल्लं होतं? खाजेला मात्र कुणी काही विचारत नाही. मराठीत वेगवेगळ्या आजारांना वेगवेगळी नावं आहेत आणि ती उपयोगाची आहेत. खरूज वेगळी. ती त्वचेत बीळ करणाऱ्या बारीक किड्यामुळे होते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला दिसते, घरात एकाची दुसऱ्याला लागते आणि म्हणून औषध सगळ्या घरानं एकाच वेळी लावायचं असतं. गजकर्ण किंवा नायटा वेगळा. ती बुरशी आहे, कडेनं गोल वाढत जाते आणि टॉवेल, कपडे यांतूनही पसरते. इसब वेगळा. त्यात किडाही नाही आणि बुरशीही नाही. तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही. शेजारी बसल्यानं लागत नाही, एका ताटात जेवल्यानं लागत नाही, हातात हात घेतल्यानं लागत नाही. उर्दूत काही जण इसबाला ‘चंबल’ म्हणतात, पण तोच शब्द सोरायसिसलाही वापरतात, म्हणून तिथेही घोळ होतो.

नाव चुकलं की औषध चुकतं आणि वागणूकही चुकते. इसब असलेल्या मुलीला खरजेसारखं बाजूला बसवलं जातं, आणि खरूज असलेल्या घरात एकट्या मुलालाच मलम लावून बाकीचे मोकळे फिरतात.

शिवाय ‘खाज’ या शब्दालाच आपण बदनाम केलं आहे. ‘तुला काय खाज आहे?’ किंवा ‘याला फार खाज’ असं आपण नसत्या उचापती करणाऱ्याला म्हणतो. म्हणजे शब्दातच दोष आधी माणसावर टाकलेला. त्यामुळे दुखतंय म्हणणाऱ्याची कीव येते आणि खाजतंय म्हणणाऱ्याचं हसू येतं.

शास्त्रानंही खाजेला बराच काळ दुय्यम मानलं. १६६० साली सामुएल हाफेनरेफर या जर्मन वैद्यानं तिची व्याख्या केली होती, की खाजवण्याची इच्छा निर्माण करणारी ती एक नकोशी संवेदना आहे. व्याख्या आजही चालते. पण खाज म्हणजे हलकीशी वेदनाच असं पुढे पुष्कळ वर्षं समजलं गेलं. १९९७ मध्ये माणसाच्या त्वचेत खास खाजेचा संदेश नेणारे मज्जातंतू संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे खाज ही वेदनेची धाकटी बहीण नाही. तिचा स्वतःचा रस्ता आहे, मेंदूपर्यंत जाणारा. त्या व्याख्येनुसार खाजवण्याची इच्छा हा खाजेचाच भाग आहे. ‘खाजवू नकोस’ हे वाक्य ‘शिंकू नकोस’ इतकंच निरुपयोगी आहे.

मुलीच्या आजाराचं पूर्ण नाव अॅटॉपिक डर्माटायटिस. हे नाव १९३३ मध्ये फ्रेड वाइज आणि मॅरियन सल्झबर्गर या अमेरिकी डॉक्टरांनी दिलं. बहुतेकांत तो लहानपणीच सुरू होतो. तान्ह्या बाळांना गालांवर, मोठ्या मुलांना कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घडीत, मानेवर, मनगटांवर. डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “घरात कुणाला दमा आहे का? सकाळी उठल्यावर शिंका?” मुलीच्या वडिलांना दमा होता. इसब, दमा आणि शिंका ही एकाच घरात वावरणारी भावंडं आहेत.

होतं काय, तर त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि मधला स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. ही भिंत आतलं पाणी आत ठेवते आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू बाहेर. इसबात ती भिंत कच्ची असते. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असेल तर इसबाचा धोका खूप वाढतो. इसब असलेल्या सगळ्यांतच हा बिघाड सापडतो असं नाही, पण त्या शोधानं एक गोष्ट पक्की केली. काही मुलं जन्मतःच कच्ची भिंत घेऊन येतात. यात आईच्या स्वच्छतेचा दोष नाही, ‘गरम’ खाण्याचा नाही, कुणाच्या नजरेचाही नाही.

कच्च्या भिंतीतून पाणी उडून जातं, त्वचा कोरडी पडते, बाहेरचे पदार्थ आत शिरतात, शरीराची संरक्षणयंत्रणा खवळते, सूज येते आणि खाज सुटते. खाजवलं की भिंत आणखी फुटते. मग खाज आणखी वाढते. वर्षानुवर्षं असं झालं की ती जागा जाड, काळपट, रेघारेघांची होते. आपल्या सावळ्या कातडीवर इसब पुष्कळदा लाल दिसतच नाही. तो करडा, जांभळट किंवा बारीक पुरळासारखा दिसतो, म्हणून ‘मळ बसलाय’ असं वाटतं. बरा होताना कधी फिकट डाग राहतात आणि लोक कोड म्हणून कुजबुजतात. मुलगी मोठी असेल तर ही कुजबुज रिश्ता घेऊन येणाऱ्यांपर्यंत पोचते. त्या आईला खरी धास्ती त्याचीच होती.

आता उपायाचं. पहिला आणि रोजचा उपाय औषध नाहीच, भिंतीला गिलावा करणं आहे. अंघोळ कोमट पाण्यानं आणि थोडक्यात. साबण सौम्य आणि गरजेपुरता, कारण आपला नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो आणि निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी. जंतुनाशक, कडुलिंबाचा काढा, घासणी बंद. आमचं सोलापूर टॉवेलांसाठी प्रसिद्ध आहे, पण टॉवेल रगडायचा नाही, अंगावर हलके टिपायचा. आणि अंग ओलसर असतानाच भरपूर मलम लावायचं. भरपूर म्हणजे किती? मुलांसाठीच्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला पाव ते अर्धा किलो असं सांगितलेलं आहे. वीस ग्रॅमची सुवासिक बाटली या कामाची नाही. बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली चालते आणि ती गरिबाला परवडते. सुगंध मात्र टाळायचा, अत्तरसुद्धा त्या जागी नको.

इथे एक नाजूक गोष्ट. आपल्या घरांत जैतूनच्या तेलाला मान आहे आणि तो योग्यच आहे. पण इसबाच्या त्वचेवर जैतूनचं तेल चोळल्यानं भिंत आणखी कमकुवत होऊ शकते, असं प्रयोगांत दिसलं आहे. ते खाण्यात ठेवावं. मोहरीच्या तेलाचंही तसंच. खोबरेल तेल त्या मानानं बरं.

दुसरी गोष्ट खाण्याची. खाज सुटली की पहिली कुऱ्हाड अंडी, मासे, दूध आणि वांग्यावर पडते. काही लहान मुलांना खरोखर एखाद्या पदार्थाची अॅलर्जी असते, पण ती डॉक्टरांनी तपासून ठरवायची. अंदाजानं सगळं बंद केलं तर इसब तसाच राहतो आणि वाढत्या मुलाचं पोषण तेवढं जातं.

तिसरी गोष्ट त्या दुमडलेल्या ट्यूबची. तिच्यात तीव्र स्टेरॉइड, जंतूंवरचं औषध आणि बुरशीवरचं औषध असं सगळं एकत्र होतं. दुकानदाराचा हिशेब सोपा असतो, तीनपैकी काहीतरी लागू पडेल. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसबासारख्या आजारांत गुण दाखवला, तेव्हापासून स्टेरॉइड मलम हे इसबाचं महत्त्वाचं औषध आहे. पण त्यात सौम्यापासून अतितीव्रापर्यंत पायऱ्या आहेत आणि वरच्या पायरीवरचं क्लोबेटासॉल हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा शेकडो पटींनी जोरदार आहे. ते महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, चेहरा लाल पडून जळजळतो. आणि गजकर्णावर लावलं तर लाली आणि खाज दबते, पण बुरशी आत निवांत पसरते. आपल्या देशात ‘गोरं’ होण्यासाठीही असली मलमं चेहऱ्याला फासली जातात. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. नियम आहे. आमच्या मुलीची ट्यूब मात्र त्यानंतरच्या काळातली होती.

याचं दुसरं टोकही मी पाहिलं. “स्टेरॉइड है” एवढं ऐकून आई म्हणाली, आता हे औषध घरात नको. डॉक्टरबाईंनी तिला थांबवलं. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरलेले दिवस लावलेलं स्टेरॉइड सुरक्षित आहे, आणि न लावता सूज धगधगत ठेवणं हेही नुकसानच. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ बसते, तेवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चेहरा आणि नाजूक जागांसाठी टॅक्रोलिमससारखी बिगर-स्टेरॉइड मलमंही असतात. फार तीव्र इसबासाठी २०१७ पासून ड्युपिलुमॅबसारखी इंजेक्शनंही आली आहेत, पण ती अतिशय महाग. आणि खाजेवर आपण ज्या सर्दी-अॅलर्जीच्या गोळ्या घेतो, त्यांचा इसबाच्या खाजेवर फारसा परिणाम होत नाही, कारण ती खाज मुख्यतः हिस्टामिनची नसते. झोपेची गुंगी तेवढी येते.

आता दीनच्या बाजूनं थोडं, कारण आईचा शेवटचा प्रश्न तोच होता. “वुजू का क्या करूं, टीचर?” बिगर-मुस्लिम वाचकांसाठी सांगते, वुजू म्हणजे नमाजआधी हात कोपरांपर्यंत, तोंड आणि पाय धुणं. दिवसातून पाच वेळा पाणी नेमकं इसबाच्या घडीला लागतं. पण वुजूला साबण लागत नाही. पाणी वाया घालवणं तर नापसंतच आहे. नंतर टिपून कोरडं करायला आमच्या मौलानांनी होकार दिला आणि सांगितलं, मलम वुजूनंतर लगेच लावत जा. पाण्यानं आजार खरंच वाढत असेल तर तयम्मुमची सवलत कुरआनातच आजाऱ्यांसाठी आहे, सूरह निसा आणि सूरह माइदा दोन्हींत. ती कधी लागू होते हे आपल्या आलिमला आणि डॉक्टरांना दोघांनाही विचारून ठरवावं.

मला मात्र वर्गात सांगायला आवडते ती वेगळी हदीस. पुरुषांना रेशीम मना आहे, हे मुसलमानाच्या लहान मुलालाही माहीत असतं. तरी हजरत जुबेर आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांना अंगाला खाज सुटत होती म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रेशमी वस्त्राची परवानगी दिली, अशी नोंद बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. विचार करा. हे दोघे लढाया पाहिलेले मर्द. त्यांना कुणी ‘सब्र करो’ म्हटलं नाही, ‘खाजवू नका’ म्हटलं नाही. खाज ही खरी तकलीफ मानली गेली आणि तिच्यासाठी कायद्यात जागा केली गेली. अबू दाऊदच्या संग्रहात डोक्याला जखम झालेल्या एका प्रवाशाची हकीगत आहे. सोबत्यांनी न विचारता त्याला अंघोळच करावी लागेल असं सांगितलं आणि तो दगावला. तेव्हा प्रेषित (स.) रागावले. माहीत नव्हतं तर विचारलं का नाही, असा त्यांचा रोख होता. दुआ जरूर करावी, मीही करते. पण ताविज बांधून डॉक्टरांना न विचारणं हे त्या सोबत्यांसारखंच झालं.

आणि शाळेचं काय? माझं म्हणणं एवढंच आहे की आम्हा शिक्षकांना तीन गोष्टी सहज जमतील, त्यासाठी ना निधी लागतो ना परिपत्रक. संसर्गाची खात्री नसताना कुठल्याही मुलाला वेगळं बसवायचं नाही. शंका असेल तर पालकांना एकट्यात बोलवायचं. गणवेशाच्या आत सुती कपडा, दप्तरात मलमाची डबी आणि उन्हाळ्यात पंख्याखालची जागा, एवढं मागितलं तर द्यायचं. आणि झोपाळू, चिडचिड्या, लक्ष नसलेल्या मुलावर शेरा मारण्याआधी त्याची रात्र कशी जाते ते विचारायचं.

ती मुलगी आता नववीत आहे. इसब गेलेला नाही. पुष्कळ मुलांचा वयाबरोबर ओसरतो, काहींचा राहतो. थंडीत तिचा वाढतो, परीक्षेत वाढतो, मग ठरलेलं मलम ठरलेले दिवस लावलं की शांत होतो. रात्रीची झोप मात्र बरीचशी परत आली आहे. मी त्या वर्गासमोर, सगळ्यांच्या देखत, तिची माफी मागितली होती, कारण अपमानही सगळ्यांच्या देखतच केला होता. ‘खुजली’ हे नाव लगेच गेलं नाही, पण हळूहळू विरलं.

प्रगतिपुस्तकातला तो शेरा तसाच आहे, तो खोडता येत नाही. आता एखादं मूल वर्गात खाजवताना दिसलं तर मी श्रुतलेखन संपू देते, मग त्याला जवळ बोलावून हळूच विचारते, “रात्री झोप लागली का रे?”